हिरवं पाणी तपासताना तिसरा रकाना आखा

फेब्रुवारीतली सकाळ होती. मालवणला होडीवाले काका म्हणाले, "बाईनू, पाण्याक वास येता. जाळां बगा, बुळबुळीत झालां." पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं हिरवं दिसत होतं. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. कॉलेजच्या वहीत त्यांचे आमचे दोनच रकाने होते, उन्हावर अन्न तयार करणारे वनस्पती-प्लवक आणि दुसऱ्यांना खाणारे प्राणी-प्लवक. त्या दिवशी बादलीत आलेला जीव दोन्हीत बसत होता. म्हणून एकाही रकान्यात तो नीट लिहिता येईना.

तो होता नॉक्टिल्युका. एका पेशीचा जीव, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. त्याच्या हिरव्या प्रकारात पोटातल्या द्रवात हजारो सूक्ष्म हिरवी शैवालं पोहत असतात आणि उन्हात अन्न तयार करतात. शिवाय तो स्वतः डायटम नावाची सूक्ष्म शैवालं खातो, कोपेपॉड या इवल्या कवचधारी प्राण्यांची अंडी खातो, माशांचीही अंडी गिळतो. लाल प्रकारात ही शैवालं नसतात. तो फक्त खाऊन जगतो.

असं पाणी दिसलं तर प्लवक पकडायच्या जाळीच्या आधी बादली वापरा. बादली समुद्राच्याच पाण्याने तीनदा विसळा, अलगद बुडवा आणि पाणी रुंद तोंडाच्या बरणीत भरा. वर चार बोटं हवा ठेवा. बरणीला ओलं फडकं गुंडाळा, बर्फ नको. तापमान, क्षारता (खारटपणा) आणि वेळ तिथेच, होडीत लिहा. घरी येऊन आठवून लिहिलेल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.

निम्मा नमुना जिवंत ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. नमुना टिकवायला घालतात त्या फॉर्मेलिनमध्ये नॉक्टिल्युका सुरकुततो. त्याच कामाच्या लुगोल आयोडीनने सगळंच तपकिरी होतं आणि मूळचं हिरवं कोणतं ते कळत नाही. मेसोडिनियमसारखे नाजूक जीव तर फुटून नाहीसे होतात. मेसोडिनियम हा एका पेशीचा जीव क्रिप्टोफाइट शैवालं खातो, त्यांची हरितलवकं, म्हणजे उन्हावर अन्न बनवणारे पेशीतले हिरवे भाग, पचवत नाही, वापरतो. डायनोफायसिस हा आणखी एक एकपेशीय जीव तीच हरितलवकं पुढे मेसोडिनियमकडून पळवतो. 2006 साली कोरियातल्या शास्त्रज्ञांनी त्याला मेसोडिनियम खायला घातला, तेव्हा कुठे तो प्रयोगशाळेत वाढला. आधी पोटापाण्याचं कळलं, मग जीव जगला.

बरणी तासभर स्थिर ठेवली की नॉक्टिल्युका वर येतो, भिजलेल्या बारीक रव्यासारखा. ड्रॉपरने अलगद उचला. वर काच दाबू नका, खोलगट काचपट्टी घ्या आणि चारपटीच्या भिंगापासून सुरुवात करा. पारदर्शक गोळा, एक खाच, हळू हलणारी एक शेपटी. मग दहापटीवर पोटात बघा. मला त्या सकाळी एका पेशीत वाकलेली डायटमची साखळी दिसली, अर्धवट पचलेली, आणि तिच्याभोवती हिरव्या ठिपक्यांची धावपळ. त्याच दिवशी वहीत तिसरा रकाना आखला: दोन्ही.

तो खरंच उजेडावरही जगतो याची खात्री करायची तर 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात दहा-दहा पेशी दोन वाट्यांत ठेवा. एक वाटी खिडकीपाशी, थेट उन्हात नको. दुसरी खोक्यात, अंधारात. रोज एकाच वेळी मोजा. हिरवा प्रकार उजेडात बाहेरच्या अन्नाशिवायही बरेच दिवस तग धरतो.

ही मेहनत मासेमारीच्या निर्णयासाठी आहे. हैदराबादची इन्कॉइस संस्था संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती देते, ती उपग्रहाने मोजलेल्या तापमान आणि क्लोरोफिलच्या, म्हणजे पाण्यातल्या हरितद्रव्याच्या, आधारावर. सेवा मोलाची आहे. पण उपग्रहाला हिरवं दिसलं म्हणजे मासळीचं ताट वाढलं, असं धरू नये. उत्तर अरबी समुद्रात 2000 नंतरच्या हिवाळ्यांत डायटमच्या जागी हिरवा नॉक्टिल्युका पसरलेला आढळला आहे. त्याला मुख्यतः साल्प हे जेलीसारखे पारदर्शक प्राणी आणि जेलीफिश खातात. बांगड्या-तारल्याच्या वाट्याला त्यातून फार थोडं जातं. तेव्हा क्लोरोफिलच्या आकड्याशेजारी तिसऱ्या रकान्यातली संख्या हवीच. गावाच्या सांडपाण्याबद्दल बोलतानाही ती लागते, कारण पाण्यातलं नायट्रेट हे खत संपलं तरी हे जीव थांबत नाहीत, भक्ष्यातून नायट्रोजन मिळवतात.

डायनोफायसिस दिसला तर तिसऱ्या, कालवं असे शिंपले गोळा करणाऱ्या बायकांना त्याच दिवशी सांगा आणि मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा. त्याच्या विषाने जुलाब होतात आणि ते शिजवून जात नाही.

हिरवा रंग गेल्यावर आम्ही एकदा काम थांबवलं होतं. तसं करू नका. मेलेला थर कुजताना तळाचा प्राणवायू खातो. पुढचा आठवडाभर पहाटे खालचं पाणी काढा, प्राणवायू मोजायच्या विंकलर पद्धतीची पहिली दोन रसायनं होडीतच घाला, बुडबुडा न ठेवता बूच लावा आणि बाटली अंधारात ठेवून प्रयोगशाळेत आणा.