६ दिवसांचा प्रवास, ३९ दिवसांचं काम

फ्रीलान्स प्रवासलेखन करायचंय असं कुणी म्हटलं की मी त्यांना माझ्या जुन्या डायरीतलं एक पान दाखवते. या कामाच्या दुसऱ्या वर्षी मी एका बेटावर जाऊन आले, तेव्हा कशाला किती दिवस लागले ते हट्टाने लिहून ठेवलं होतं. फिरणं ६ दिवस. आधीचं वाचन आणि संपादकांना पाठवायचे प्रस्ताव ९. लिहिणं आणि पुन्हा लिहिणं १२. माहितीची तपासणी ५, फोटो ३, पैशांचा पाठपुरावा ४. एकूण ३९. पान पाहून निम्मे जण विषय बदलतात. उरलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

माझा पहिला लेख पहाटेच्या गजराने सुरू झाला होता आणि घरी परतून बॅग उपसण्यावर संपला होता. मधे सगळं क्रमाने. एका संपादकांनी दोन ओळींत उत्तर दिलं: ‘छान लिहिलंय. घरच्यांना पाठवा, त्यांना आवडेल.’ महिनाभर राग होता. मग लेख पुन्हा वाचला आणि लक्षात आलं, की त्यात मी सोडून दुसरं कुणी नव्हतंच.

ठिकाण म्हणजे विषय नव्हे, हे कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. ‘अमुक बेट’ हे ठिकाण झालं. ‘बेटावरचं दीपगृह आता माणसाशिवाय चालतं, मग शेवटच्या रखवालदाराच्या कुटुंबाने त्या घराचं काय केलं?’ हा विषय झाला. तपासायची माझी रीत सोपी आहे. लेखाचा गाभा एका वाक्यात लिहायचा आणि त्यातलं गावाचं नाव बदलून पाहायचं. वाक्य तरीही खरं वाटलं, तर हातात अजून विषय आलेला नाही.

तो आला की प्रस्ताव, म्हणजे पिच. नवखे लोक आधी लेख लिहितात आणि मग गिऱ्हाईक शोधतात. या धंद्यात बहुतेकदा उलटं चालतं: आधी पिच, होकार आला की लेख. मेल एका पानाच्या आत संपावा. पहिला परिच्छेद लेखाच्या सुरुवातीसारखाच असावा, कारण संपादक तुमची भाषा तिथेच जोखतात. त्यानंतर हा विषय आत्ताच का, त्यांच्या कुठल्या सदरासाठी, किती शब्द, आणि हे तुम्हीच का लिहावं. शेवटी छापून आलेल्या एक-दोन लेखांचे दुवे. काहीच छापलेलं नसेल तर त्याची माफी मागत बसू नका. पिच नीट असेल तर ते चालून जातं.

पाठवण्याआधी त्या मासिकाचे गेल्या वर्षभराचे अंक चाळा, हे मी कंटाळा येईपर्यंत सांगते. गेल्याच वर्षी त्यांनी तेच बेट छापलेलं असतं आणि आपण उत्साहाने तेच पाठवतो. छापील मासिकांचं गणित आणखी वेगळं असतं. अंकाची आखणी काही महिने आधी झालेली असते, म्हणून उन्हाळ्याचा विषय थंडीतच पाठवावा लागतो. पहिल्यांदाच तीन हजार शब्दांची मुखकथा मागू नका. अंकाच्या सुरुवातीच्या पानांवर दोनशे-तीनशे शब्दांचे तुकडे असतात, नव्या लेखकाला दार तिथूनच उघडतं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एक आठवण करायची. त्यावरही शांतता असेल तर पिच दुसरीकडे पाठवायची. मनाला लावून घ्यायचं नाही. (मी घ्यायचे.)

आता वहीबद्दल. त्या बेटावरच्या माझ्या वहीत ‘सूर्यास्त अप्रतिम’ हे शब्द तीनदा आहेत. लिहायला बसले तेव्हा त्यातून एक ओळ निघाली नाही. उपयोगी पडलं ते कडेला सहज खरडलेलं: होडीवाला दोर गुंडाळताना दर वेळी तो फळीवर तीनदा आपटतो. का, ते विचारायचं मात्र राहून गेलं. तेव्हापासून विशेषणं वहीत लिहायची नाहीत असा नियम केला. नावं, आकडे, वास, आवाज, लोकांच्या तोंडची वाक्यं जशीच्या तशी, पाटीवरचं स्पेलिंग. वेळापत्रकांचे आणि माहितीफलकांचे फोटो. आणि सगळं त्याच रात्री, झोपण्याआधी. सकाळपर्यंत वाक्यं आपल्या भाषेत वळायला लागतात, ती मग त्या माणसाची राहत नाहीत.

तपासणीला ५ दिवस कशाला, असं विचारतात. त्याच बेटाबद्दल मी लिहिलं होतं की परतीची शेवटची फेरी साडेसहाला सुटते. ते उन्हाळ्यापुरतं खरं होतं. लेख आला थंडीत, तेव्हा ती चारला सुटत होती. एक कुटुंब लहान मुलांसह धक्क्यावर अडकलं आणि त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं. चूक सर्वस्वी माझी होती, पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी लागली. एकोणिसाव्या शतकात प्रवासाची मार्गदर्शक पुस्तकं काढणारे जर्मन प्रकाशक कार्ल बेडेकर यांची एक गोष्ट सांगतात. मिलानच्या कॅथेड्रलच्या छतावर चढताना ते म्हणे दर २० पायऱ्यांना बंडीच्या खिशातला एक वाटाणा पँटच्या खिशात टाकत, म्हणजे पायऱ्यांचा हिशेब चुकायला नको. मी वाटाणे नेत नाही, पण लेख पाठवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक आकड्यावर रंगीत रेघ मारते आणि तो पुन्हा पडताळते. गरज पडली तर फोन करून.

पैशांचं बोलायला आपण लाजतो, आणि तिथेच फसतो. होकार आला की काही गोष्टी लेखी विचारून घ्या. मानधन लेख स्वीकारल्यावर मिळणार की छापून आल्यावर? या दोहोंत कधी कधी वर्षाचं अंतर पडतं. लेख मागवून नंतर छापलाच नाही तर किल फी, म्हणजे ठरलेल्या रकमेचा काही हिस्सा, मिळणार का? हक्क कुठले देताय? शक्य तिथे फक्त प्रथम प्रकाशनाचा हक्क द्या. ‘सर्व हक्क’ लिहून दिलेत तर स्वतःचाच लेख पुढे कुठे वापरता येत नाही. कॉपीराइटसाठी नोंदणी करत बसायची गरज नाही. १८८६च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत तो लिहिल्याबरोबर लेखकाचा होतो. पण कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो शब्दांवर असतो.

हक्क जपायचे ते पोटासाठी. एका लेखाच्या मानधनात प्रवासखर्च सहसा निघत नाही, म्हणून एका फेरीतून तीन-चार वेगळे लेख निघायला हवेत. बेटावरून मी दीपगृहाचा लेख एका सांस्कृतिक मासिकाला दिला, स्थलांतरित पक्ष्यांचा निसर्गविषयक नियतकालिकाला, आणि वृद्ध आईवडिलांना घेऊन तिथे कसं जावं याचा पुरवणीला. पहिली काही वर्षं दुसरं उत्पन्न हाताशी ठेवा. मी अजून अनुवाद करते.

फुकटच्या सहली, म्हणजे पर्यटन मंडळं किंवा हॉटेलं लेखाच्या आशेने काढतात त्या प्रेस ट्रिप, लवकरच दारात येतील. त्या घ्याव्यात की नाही यावर माझंही मन अजून पक्कं नाही. न्यूयॉर्क टाइम्सचा प्रवास विभाग अशा सहली घेणाऱ्यांकडून लेख घेत नाही. अनेक मासिकं घेतात. घेतलीत तर संपादकांना आधी सांगा आणि वाचकालाही कळू द्या. सहलीतला कार्यक्रम मिनिटामिनिटाला बांधलेला असतो. दोर आपटणारा होडीवाला त्यात भेटत नाही.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. छपाईसाठी फोटो साधारण ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) लागतो, म्हणजे ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो २० इंच रुंद छापता येतो. मोबाइलवरून पाठवताना आकुंचन पावलेला फोटो पाठवू नका. आणि कामासाठी परदेशी जाताना व्हिसा नीट बघा. पर्यटक व्हिसावर माध्यमांचं काम सगळीकडे चालत नाही, अमेरिकेत तर परदेशी माध्यमांच्या प्रतिनिधींसाठी ‘आय’ हा वेगळा व्हिसाच आहे.

त्या बेटावरचा चौथा लेख अजून विकला गेलेला नाही. तो होडीवाल्यांच्या दोरांवर आणि गाठींवर आहे. दोर तीनदा का आपटतात ते मी नंतर फोन करून विचारलं: पाणी झटकायला, आणि धाग्यात अडकलेली वाळू काढायला, नाहीतर आतून दोर कापला जातो. चार संपादकांनी नको म्हटलं. पाचव्यांना आज सकाळी पिच पाठवली आहे.