स्ट्रॅटेजी गेमसाठी स्वस्त लॅपटॉप: स्टिकर नाही, प्रोसेसरचा नंबर वाचा

हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. लॅपटॉप घ्यायच्या आधी गावातले पोट्टे माझ्याकडे हमखास येतात. कॉलेजचा अभ्यास तर करायचाच असतो, पण खरा प्रश्न हळूच निघतो: "भाऊ, चाळीस हजारांच्या आत सिव्हिलायझेशन चालते का?"

चालते. फक्त हे गेम कुठं अडकतात ते आधी समजून घ्या. सिव्हिलायझेशन ६ किंवा स्टेलारिस सुरुवातीला बहुतेक मशीनवर पळतो. नकाशा भरला, शहरं आणि सैन्य वाढलं, की सिव्हिलायझेशनमध्ये प्रत्येक खेळीनंतर वाट पाहत बसावं लागतं. स्टेलारिसमध्ये खेळ्या नसतात, वेळ सतत चालते, तिथं सगळा खेळच मंदावतो. कॉम्प्युटरकडचे राजे आपापल्या चाली ठरवत असतात. हा हिशोब बराचसा एकामागून एक होतो, कारण पुढची चाल आधीच्या चालीवर ठरते. कापसाच्या एका ओळीत एका वेळी एकच डवरा चालतो, तसंच हे. म्हणून दुकानदार "दहा कोर" म्हणाला तरी तुम्ही एका कोरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या हिशोब करणाऱ्या एका भागाचा, वेग विचारा.

इंटेलचं उदाहरण घ्या. आय-५ १२३५ यू मध्ये दहा कोर आहेत, पण मोठे, ताकदवान फक्त दोन. बाकीचे आठ छोटे. आय-३ १२१५ यू मध्येही मोठे दोनच, आणि दोघांचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. आय-५ ची ग्राफिक्स थोडी बरी आहे, पण खेळ्यांच्या वेगात फार फरक पडत नाही. दोघांच्या किमतीत मोठं अंतर असेल तर मी आय-३ घ्यायला सांगतो आणि उरलेल्या पैशांत रॅम वाढवायला लावतो. आय-५ १२४५० एच बजेटमध्ये बसला तर मात्र तोच घ्या, त्यात मोठे कोर चार आहेत. शेवटचं 'एच' म्हणजे जास्त वीज, जास्त दम. 'यू' म्हणजे बॅटरी वाचवणारा.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये खरी फसगत होते. ७००० मालिकेत तिसरा आकडा बघा, कोरची पिढी तो सांगतो. ७५२० यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, २०१९ ची रचना, आणि कोर चार. ७५३० यू मध्ये ३, म्हणजे झेन ३, कोर सहा. नावात दहाचा फरक, कामात पिढीचा. शिवाय ७५२० यू ची रॅम बोर्डावरच चिकटवलेली येते, नंतर वाढत नाही. ५००० मालिकेत हा नियम लागत नाही: ५५०० यू झेन २ चा, ५६०० यू झेन ३ चा. इंटेलच्या स्वस्तातल्या सेलेरॉनकडे बघूही नका.

जुना घेणार असाल तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचाच घ्या. सातव्या पिढीच्या आय-७ ७५०० यू वर स्टिकर मोठा असतो, पण कोर दोनच, आणि विंडोज ११ ला तो अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

रॅम १६ जीबी, आणि शक्यतो दोन पट्ट्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सही हीच रॅम वापरते. एकच पट्टी असली की चित्र अडखळतं.

आता आपल्याकडची गोष्ट, जी शहरातले सल्ले देणारे सांगत नाहीत. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो. प्रोसेसर ९५-१०० अंशांपर्यंत तापला की स्वतःच वेग कमी करतो, मग कागदावरचे ४.४ गिगाहर्ट्झ कागदावरच राहतात. जाड, मोठ्या जाळ्यांचा लॅपटॉप दिसायला जड वाटतो, पण आपल्या उन्हाळ्यात तोच टिकतो. गादीवर ठेवून खेळू नका, खालची जाळी बुजते. जिनिंगच्या दिवसांत रुईचे तंतू पंख्यात अडकतात. हंगाम संपला की तो साफ करून घ्या. लाईट गेली आणि मशीन बॅटरीवर आलं की बहुतेक लॅपटॉप वेग उतरवतात, तेव्हा मोठी लढाई चार्जर लावूनच करा.

मित्रांसोबत एज ऑफ एम्पायर्स २ खेळणाऱ्यांनी तर जास्त जपावं. त्यात सगळ्यांचे कॉम्प्युटर एकाच ठेक्यात चालतात, एकाचा मंद पडला की सगळ्यांचा खेळ मंदावतो.

पैसे देण्याआधी दुकानातच चार्जर लावून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, ते बिलावरच्या नावाशी ताडून बघा. मग काहीतरी जड काम दहा मिनिटं चालवून वेगाचा आकडा बघत राहा. तो सुरुवातीच्या निम्म्यावर येऊन थांबत असेल, तर दुसरं मॉडेल काढायला सांगा.