गाठ मोजताना

न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ या विकारातील त्वचेच्या गाठी कशा वाढतात, हे पाहणाऱ्या एका अभ्यासात मी समन्वयक म्हणून रुजू झाले, तेव्हा मोजमाप हे या कामातले सर्वांत सोपे अंग असेल, अशी माझी समजूत होती. सुमारे ३,००० जन्मांमागे एकाला हा विकार होतो; त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असून ते १९९० मध्ये सापडले. निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांना हा विकार नसतो, म्हणून घराण्याविषयी विचारताना आईला दोषी वाटणार नाही, इतके जपून बोलावे.

त्वचेच्या गाठी बहुधा वयात येताना दिसू लागतात आणि त्या कर्करोगात बदलत नाहीत. मज्जातंतूंच्या जाळ्यात पसरणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठी मात्र कधीकधी बदलतात. या दोहोंची नोंद एकाच रकान्यात करू नये. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मुलांसाठी मंजूर झालेले सेल्युमेटिनिब हे औषध प्लेक्सिफॉर्म गाठींसाठी होते, हे रुग्णालाही स्पष्ट सांगावे लागते, कारण तो त्या औषधाच्या बातमीचे वर्तमानपत्रातील कात्रण घेऊन आलेला असतो.

माझ्या पहिल्या महिन्यातील छायाचित्रे टाकून द्यावी लागली. पाठीवर शेकडो गाठी असलेल्या रुग्णाची तीच गाठ सहा महिन्यांनी ओळखण्यासारखी खूण मी ठेवली नव्हती, आणि चित्रात मापपट्टीही नव्हती. तेव्हापासून मी पारदर्शक कागदावर तीळ, खांद्याचे हाड अशा स्थिर खुणांसह गाठींचा नकाशा काढून ठेवते.

कॅलिपरचे, म्हणजे गाठ दोन टोकांत धरून तिची रुंदी मोजणाऱ्या साधनाचे, दुखणे वेगळे आहे. ही गाठ मऊ असते, बोटाने दाबली तर काजातून बटण जावे तशी आत जाते, त्यामुळे जरा जोर पडला की माप बदलते. व्यास १० मिलिमीटरऐवजी ११ वाचला, तर घनफळ ३३ टक्क्यांनी वाढलेले दिसते, आणि या गाठी इतक्या संथ वाढतात की तेवढी चूक वर्षभराची खरी वाढ झाकून टाकू शकते. म्हणून दुसऱ्या व्यक्तीने पहिले आकडे न पाहता पुन्हा मोजणे आम्ही सक्तीचे केले. वेळ दुप्पट लागतो, यावर कुरकुर झाली, मीही केली.

रुग्णांना मात्र मिलिमीटरशी फारसे देणेघेणे नव्हते. खाज कधी थांबेल, असे ते विचारत, आणि आमच्या तक्त्यात खाजेला रकानाच नव्हता. तो घालण्यासाठी अभ्यासाचा आराखडा दुरुस्त करून एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यावी लागली, आणि तोपर्यंत मी त्या तक्रारी स्वतंत्र वहीत तारखेनिशी लिहून ठेवल्या.