टेहळणी विमानाचे सुटे भाग: कोकणातून या कामात येणाऱ्यांसाठी

माझं सोल्डरिंग सुरू झालं ते मिरकरवाडा बंदराजवळच्या एका दुकानात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, आणि नेमके तेव्हाच वायरलेस नि फिश फाइंडर दुरुस्तीला येतात. सेट उघडला की तांब्यावर हिरवं चढलेलं. खारी हवा बोर्डाचं काय करते, हे मी तिथं शिकलो.

पुढे रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि तळोज्याकडे एका छोट्या कंपनीत लागलो. विमानातल्या रडार-बोर्डांसाठी येणारे बदली भाग तपासायचे, हे काम. कुठल्या विमानाचे, ते लिहिता येत नाही. तोंड बंद ठेवणं हाही या नोकरीचा भाग आहे, नव्या मुलांनी आधीच समजून घ्या.

दूरवरचं शत्रूचं विमान आधीच हेरणारी ही टेहळणी विमानं तीस-चाळीस वर्षं सहज उडतात. अमेरिकेचं सेंट्री १९७७ मध्ये सेवेत आलं, तेही बोइंग ७०७ च्या सांगाड्यावर. आपल्याकडे इल्युशिन-७६ विमानावर बसवलेलं फाल्कन रडार २००९ मध्ये आलं, आणि डीआरडीओचं नेत्र २०१७ मध्ये. विमान टिकतं, पण त्यातली आयसी, म्हणजे बोर्डावरची चिप, बनवणारा कारखाना मात्र काही वर्षांत ती बनवणं थांबवतो. मग तीन वाटा उरतात. उत्पादन थांबायच्या आधी आयुष्यभर पुरेल एवढा साठा घ्यायचा, मान्यता असलेला दुसरा भाग शोधायचा, नाहीतर बोर्डच नव्याने डिझाइन करायचा. तिसऱ्या वाटेत सगळ्या चाचण्या आणि लष्करी विमानं नि त्यांचे भाग प्रमाणित करणाऱ्या बेंगळुरूच्या सेमिलॅककडची मान्यता पुन्हा येते, त्यामुळे ती सगळ्यांत लांबची. आणि या तिन्हींतलं काहीच वेळेत जमलं नाही की दलालाकडचा माल घ्यायचा मोह होतो.

असाच एक ट्रे माझ्या टेबलावर आला होता. आयसींवरची अक्षरं सुबक, डेट कोड (कधी बनवली ते सांगणारा आकडा) बरोबर. दोन आयसी बोर्डावर लावून पाहिल्या, चालल्या. मी सही केली.

मग आमच्या वरिष्ठ मॅडमनी कापसाचा बोळा अॅसिटोनमध्ये बुडवून एका आयसीच्या पाठीवर फिरवला. कापूस काळा झाला. मायक्रोस्कोपखाली काळ्या थराच्या खाली घासल्याचे बारीक ओरखडे, आणि एका कोपऱ्यात जुन्या छपाईचा अर्धवट आकडा.

"मॅडम, चालत होत्या हो," मी म्हणालो.

"अरे, एसीत चालल्या. उणे ५५ ला कोण बघणार?"

लष्करी दर्जाची आयसी उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत चालावी लागते, साधी शून्य ते ७० पर्यंत. साध्या आयसीवरचं नाव खरवडून नवं छापलं, तर टेबलावर फरक कळतच नाही. ती सही मला अजून टोचते. अमेरिकी सिनेटच्या २०१२ च्या चौकशी अहवालात असे संशयास्पद दहा लाखांहून अधिक भाग निघाले होते, त्यांत अमेरिकी नौदलाच्या पी-८ए विमानातलेही होते.

म्हणून सांगतो, सोल्डरिंग हात बसला की येतं. आधी कागद वाचायला शिका. भाग कुणी बनवला, कुणाच्या हातून आला, कन्फॉर्मन्स सर्टिफिकेटवरचा (भाग ठरल्याप्रमाणे असल्याच्या दाखल्यावरचा) बॅच नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळतो का. अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा लावल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. स्थिर विजेने अर्धवट दुखावलेली आयसी आज चालते आणि महिन्याभराने दगा देते. शिशाचं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाचं साधारण २१७ ला. कुठल्या बोर्डावर कुठलं वापरायचं हे कागदावर लिहिलेलं असतं, अंदाजाने ठरवू नका. डेटाशीट, म्हणजे भागाची माहितीपत्रिका, इंग्रजीत असते, रोज एक पान वाचलं तरी वर्षभरात भीती जाते. डिप्लोमानंतर अप्रेंटिसशिपचा अर्ज जरूर भरा.

आणि पुढच्या जूनमध्ये बंदरावर जा. बिघडलेला सेट मागून घ्या, एकेक भाग काढा, त्यावरचा नंबर, डेट कोड आणि गंज कुठे चढला ते वहीत लिहा. मुलाखतीला ती वही घेऊन या, मी ती आधी बघेन.