खाऱ्या पाण्यातला मासा आजारी पडल्यावर: आधी निदान, मगच औषध

अंगावर पांढरे ठिपके दिसले की बहुतेक जण दुकानातून पहिली हाताला लागेल ती बाटली आणतात आणि मुख्य टाकीत ओततात. तीन-चार दिवसांत ठिपके जातात, औषध लागू पडले असे वाटते आणि आठवडा-दोन आठवड्यांत टाकीतला प्रत्येक मासा ठिपक्यांनी भरून जातो. मुळात औषधाने काही केलेलेच नसते. हा रोग म्हणजे मरीन इक, आणि त्याचा परजीवी, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, माशाच्या अंगावर साधारण तीन ते सात दिवस पोसतो आणि मग आपणहून गळून पडतो. खाली वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटून तो स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचाच्या आत त्याची शेकडो पिल्ले तयार होतात, ती फुटून बाहेर येतात आणि पुन्हा मासे गाठतात. ठिपके गेले याचा अर्थ एवढाच की या फेरीतले परजीवी जेवून उठले.

या जीवनचक्रातली एकच अवस्था औषधाच्या तावडीत सापडते: कवचातून निघून मासा शोधत पोहणारे पिल्लू. या रोगावरचे मुख्य औषध तांबे. कातडीखाली बसलेल्या परजीवीपर्यंत ते पोहोचत नाही, कवच फोडत नाही. म्हणून उपचार आठवडे चालतात आणि मात्रा एक दिवसही खाली येऊन चालत नाही. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

आधी पाणी तपासा

अमोनिया, नायट्राइट, तापमान, क्षारता. अमोनियाने भाजलेले कल्ले आणि परजीवींनी भरलेले कल्ले माशाला सारखेच वागायला लावतात: मासा धापा टाकतो, पृष्ठभागाशी येतो. अमोनिया दिसत असेल तर औषधाची बाटली बाजूला ठेवा आणि पाणी बदला.

कोणता रोग आहे ते ठरवा

ठिपके मोजून निदान होत नाही. श्वास, भूक, पोहण्याची जागा आणि रोग किती वेगाने वाढतो आहे, या चार गोष्टी बघा. मासे निरोगी असतानाच त्यांचे कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजून लिहून ठेवा. प्रत्येक जातीचा वेग वेगळा असतो, त्यामुळे आजाराच्या दिवशी तुलना करायला तो आकडा हाताशी लागतो.

इकमध्ये मिठाच्या दाण्याएवढे, सुटे, मोजता येतील असे ठिपके परांवर आणि अंगावर दिसतात. मासा दगडाला अंग घासतो, पण बरेचदा खात असतो. ठिपके येतात, जातात, पुढच्या खेपेला जास्त येतात.

वेल्व्हेट, म्हणजे अ‍ॅमिलोओडिनियम या परजीवीचा रोग, हा सगळ्यात घातक. कण इतके बारीक की समोरून काहीच दिसत नाही. खोलीतला उजेड कमी करून माशावर बाजूने टॉर्च मारला तर अंगावर करडी-सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते. पण धूळ दिसेपर्यंत थांबू नका. हा परजीवी आधी कल्ले धरतो. मासा अचानक खाणे सोडतो, उजेड टाळतो, पॉवरहेडच्या (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड धरून एका जागी पोहत राहतो आणि श्वास दुप्पट होतो. एवढे दिसले की अंगावर एकही ठिपका नसला तरी वेल्व्हेट समजून उपचार सुरू करा. इथे हातात एक-दोन दिवस असतात.

ब्रुकलिनेला हा परजीवी रोग मुख्यतः क्लाउनफिशला होतो. अंगावर पांढुरका चिकट थर येतो, कातडीचे पापुद्रे सुटतात, रंग फिका पडतो. तांब्याचा यावर उपयोग नाही. क्रोमिस जातीच्या माशाच्या कुशीवर लालसर जखम दिसली तर युरोनेमा या परजीवीचा संशय घ्या. त्यालाही तांबे लागू पडत नाही.

फ्लूक म्हणजे चपटे कृमी. मासा अंग झटकतो, डोके हलवतो, डोळा धुरकटतो, पण ठिपके नसतात. खात्री करायची तर गोड्या पाण्यात बुडवून बघा, कृती पुढे दिली आहे.

परांच्या कडेला फुलकोबीसारखी खडबडीत गाठ आली असेल आणि मासा मजेत खात-पीत असेल तर ते लिम्फोसिस्टिस. विषाणू आहे, औषध नाही, चांगल्या आहारावर गाठी आपोआप झडतात. यावर तांबे देऊन मासा दमवू नका. एकच डोळा सुजला असेल तर बहुधा मार लागलेला असतो. दोन्ही सुजले तर आतला जंतुसंसर्ग शोधा.

शंभर पट मोठे दाखवणारा साधा मायक्रोस्कोप असेल तर अंगावरचा थोडा चिकट स्राव काचपट्टीवर घ्या. इकचा परजीवी केसाळ आणि सतत गोल फिरणारा दिसतो. वेल्व्हेटचा गडद, गोलसर आणि स्थिर असतो.

गोड्या पाण्यात बुडवणे

क्लोरीन काढलेले गोडे पाणी, टाकीइतकेच तापमान, खाण्याच्या सोड्याने टाकीइतका केलेला पीएच, आणि जोरात हवा. भांडे गडद रंगाचे घ्या. मासा तीन ते पाच मिनिटे ठेवा. सुरुवातीला तो आडवा पडेल किंवा धडपडेल. श्वास चालू असेल तर घाबरू नका, श्वास मंदावला तर लगेच काढा. फ्लूक असतील तर ते पांढरे होऊन भांड्याच्या तळाशी पडलेले दिसतात. वेल्व्हेटमध्ये यामुळे कल्ले थोडे मोकळे होतात आणि मुख्य उपचाराला वेळ मिळतो. यात रोग बरा होत नाही.

हॉस्पिटल टाकी

उपचारासाठी वेगळी, रिकामी काचेची टाकी, आधीपासून जीवाणू वाढलेला स्पंज फिल्टर, हीटर, एअरस्टोन, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू, कोरलचे तुकडे, शिंपले, लाइव्ह रॉक (जीवाणू वाढलेले समुद्री दगड) यातले काहीही नको, कारण चुनखडीचे पदार्थ तांबे शोषतात. फिल्टरमधला कार्बन आणि यूव्ही दिवाही काढा. अंगावर ठिपके असोत वा नसोत, मुख्य टाकीतला प्रत्येक मासा इथे आला पाहिजे. एक मासा जरी मागे राहिला तरी परजीवीला यजमान मिळाला.

तांबे चढवणे आणि टिकवणे

बहुतेकांचे मासे इथे दगावतात, आणि रोगापेक्षा हिशेबाच्या चुकीने जास्त दगावतात.

आधी तुमचे औषध कोणत्या प्रकारचे आहे ते बाटलीवर वाचा. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेल्या, तांब्याची उपचारमात्रा लिटरला २.२५ ते २.५ मिलिग्रॅम असते. साध्या कॉपर सल्फेटच्या मुक्त तांब्याची मात्रा ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एकतर काहीच होणार नाही, नाहीतर टाकीतले सगळे मासे मरतील. पहिल्यांदा करणाऱ्याने चिलेटेडच घ्यावे. मुक्त तांब्यात गुणकारी आणि घातक मात्रेतले अंतर फार थोडे असते. खाली सगळे आकडे चिलेटेडचे आहेत.

मग पाणी मोजा. टाकीवर लिहिलेले लिटर धरू नका. आतली लांबी, आतली रुंदी आणि पाण्याची प्रत्यक्ष उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा. आतून ६० बाय ३० ची टाकी, पाणी २८ सेंटिमीटर, म्हणजे ५०.४ लिटर. टाकीची पूर्ण ३६ सेंटिमीटर उंची धरली तर हिशेब ६४.८ लिटरचा होतो, आणि तेवढ्याला लागणारे औषध ओतले की प्रत्यक्षात मात्रा २.९ च्या घरात जाते. पाण्याच्या पातळीवर काचेला मार्करने रेघ मारा. पुढचा महिनाभर ही रेघ लागणार आहे.

मात्रा टप्प्याने चढवा. इकसाठी पहिल्या दिवशी १.०, दुसऱ्या दिवशी १.७५, तिसऱ्या दिवशी २.२५. वेल्व्हेटमध्ये एवढा वेळ नसतो, सुरुवातच १.५ ने करून चोवीस तासांत पूर्ण मात्रेवर या. प्रत्येक वेळी औषध टाकून पाणी नीट मिसळू द्या, तासाभराने मोजा आणि मापून आलेल्या आकड्यावरून पुढचा डोस ठरवा. बाटलीवरचे थेंब ही फक्त सुरुवात, शेवटचा शब्द मापनाचा.

रंगाच्या पट्टीशी जुळवायच्या चाचणीवर हा उपचार करू नका. २.० आणि २.५ मधला रंगाचा फरक डोळ्याला कळत नाही आणि नेमका तोच फरक इथे महत्त्वाचा आहे. तांबे मोजणारा छोटा डिजिटल फोटोमीटर घ्या आणि तो चिलेटेड तांबे वाचतो याची खात्री करा. आधी टाकीच्याच पाण्यावर शून्य करा, मग चाचणीची पावडर टाका. पुडीच्या कोपऱ्यात पावडर अडकली तर आकडा कमी येतो आणि तुम्ही नको तेवढे औषध टाकता. फोटोमीटरच्या नमुना-बाटलीच्या आतल्या काचेला बुडबुडा चिकटला किंवा बाहेर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा चुकतो. आकडा अनपेक्षित आला तर दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय काहीही टाकू नका.

आता टिकवणे. तांबे वाफेबरोबर उडत नाही. पाणी रेघेखाली ४ सेंटिमीटर उतरले तर वरच्या उदाहरणातल्या टाकीत २.२५ चे आपोआप २.६ होते. म्हणून रोज रेघेपर्यंत गोडे पाणी भरा, त्यात औषध घालू नका. पाणी बदलताना मात्र उलट: नव्या खाऱ्या पाण्यात आधी तेवढेच तांबे मिसळा. १० लिटर बदलायचे तर २.२५ गुणिले १०, म्हणजे २२.५ मिलिग्रॅम तांबे त्या पाण्यात हवे. ते न मिसळता १० लिटर बदलले तर मात्रा १.८ वर येते. २.० च्या खाली गेलात की दिवस पहिल्यापासून मोजा. ‘जवळजवळ पुरेशी’ मात्रा या रोगात नसते. त्या एका रात्रीत फुटलेले पिल्लू माशावर बसले तर आधीचे तीन आठवडे वाया गेले. पूर्ण मात्रेवर सलग ३० दिवस हवेत.

सगळ्यात मोठा धोका अमोनियाचा, कारण तांबे फिल्टरमधल्या जीवाणूंनाही मंदावते. अशा वेळी अमोनिया ‘बांधणारे’ किंवा क्लोरीन काढणारे द्रावण तांब्याच्या टाकीत चुकूनही टाकू नका. त्यातले क्षपणकारक रसायन तांब्याचे रूप बदलते आणि ते माशांना कितीतरी विषारी ठरते. अमोनिया आला तर औषध मिसळलेल्या पाण्याने पाणी बदला, खाणे कमी करा, एवढाच मार्ग आहे.

तांबे चढताना एखाद-दोन दिवस भूक कमी होणे चालते. मासा सलग खात नसेल तर आधी तांबे आणि अमोनिया दोन्ही मोजा. मात्रा बरोबर असेल तर वाढवणे थांबवा आणि हवा वाढवा. शार्क आणि रे यांना तांबे देऊ नका. कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना ते मारते, म्हणून मुख्य टाकीत तांबे कधीच नाही.

तांबे जिथे चालत नाही

ब्रुकलिनेलासाठी फॉर्मलिनची अंघोळ: ३७ टक्क्यांचे द्रावण, दर १० लिटर खाऱ्या पाण्याला १.५ मिलिलिटर, ३० ते ४५ मिनिटे, सतत हवा. नंतर मासा स्वच्छ टाकीत. बाटलीत पांढरा गाळ बसला असेल तर ती टाकून द्या, तो गाळ माशांना विष आहे. फॉर्मलिन कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला आणि उघड्या हवेत काम करा.

फ्लूकसाठी प्रॅझिक्वांटेल हे कृमिनाशक, लिटरला २.५ मिलिग्रॅम, सात दिवसांनी पुन्हा. दुसरा डोस टाळू नका, पहिल्याने अंडी मरत नाहीत. हवा वाढवा.

वेळ वाया घालवणारे सल्ले

लसूण खाऊ घालणे, सफाई कोळंबी आणणे, ‘रीफ-सेफ’ (कोरलला अपाय न करणारी म्हणून विकली जाणारी) औषधे, टाकी गरम करणे. यातले शेवटचे गोड्या पाण्यातल्या इकवरून उचललेले आहे. तो परजीवीच वेगळा. क्षारता १.००९ (विशिष्ट गुरुत्व) पर्यंत उतरवणे इकवर खरोखर चालते, पण क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर अचूक हवा. वेल्व्हेटवर त्याचा परिणाम होत नाही. निदान पक्के नसेल तर तो रस्ता धरू नका.

मुख्य टाकी रिकामी ठेवणे

७६ दिवस एकही मासा नको. इकच्या कवचातून ७२ दिवसांनीही पिल्ले निघाल्याची नोंद आहे, म्हणून हा आकडा. टाकी चालू राहू द्या, कोरल आणि गोगलगायींना थोडे खाणे देत राहा. हॉस्पिटल टाकीतली जाळी, पाइप, मोजमापाची भांडी तिकडे नेऊ नका. तीस दिवस पूर्ण झाले की हॉस्पिटल टाकीतले तांबे कार्बन आणि पाणी बदलून काढा आणि उरलेला काळ मासे तिथेच निरीक्षणाखाली ठेवा.

या ७६ दिवसांत नवे कोरल किंवा गोगलगाय आणण्याचा मोह होतो. माशांच्या टाकीतून आलेल्या शिंपल्यावर किंवा कोरलच्या बुंध्यावर कवच चिकटलेले असू शकते. असे काही टाकीत गेले, तर त्या दिवसापासून पुन्हा ७६ मोजा.