युफोर्बिया लावताय? मग पाण्याचा हात आखडता घ्या

नर्सरीत ज्याला नुसतं युफोर्बिया म्हणतात ना, ते काटेरी झाड, बारा महिने हिरवं आणि ऊन मिळालं तर जवळजवळ बारा महिने फुलणारं. मूळचं मादागास्करचं, पण आपल्या कुंपणाच्या शेराच्याच कुळातलं. फुलं महिनाभर टिकतात कशी असं लोक विचारतात, तर त्या रंगीत पाकळ्या खरं म्हणजे पाकळ्या नाहीतच, पानांचाच प्रकार आहे तो, खरं फूल मधे बारीकसं असतं.

आता लावायचं कसं. कुंडी मातीची घ्या, आठ इंची पुरे, मोठी अजिबात नको कारण त्यातली माती लवकर वाळत नाही. निम्मी माती, बाकी जाड वाळू आणि विटेचे बारीक तुकडे, मूठभर गांडूळखत. ऊन रोज पाच-सहा तास तरी हवंच.

पाणी मात्र जपून. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा, कोरडं लागलं तरच घाला. पावसाळ्यात कुंडी सरळ छपराखाली घ्या, ही झाडं उन्हाने नाही मरत, बुडाशी पाणी साचून खोड मऊ पडतं आणि सडून जातात, माझी पहिली दोन अशीच गेली आणि अजून वाईट वाटतं. थंडीत पानं गळायला लागली की तहान लागली समजून लोक पाणी वाढवतात, तसं प्लीज करू नका, तेव्हा उलट कमी करायचं.

जुन्या खोडावर गळलेली पानं परत येत नाहीत, शेंड्यालाच फुटतात, म्हणून झाड उंच आणि उघडंबोडकं झालं की फेब्रुवारी-मार्चमधे छाटा. हातमोजे घालूनच हं, पांढरा चीक निघतो तो कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट, लगेच भरपूर पाण्याने धुवून डॉक्टरकडे जायचं. लहान मुलं, मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

छाटलेल्या फांद्या टाकू नका! चार बोटं लांबीचे तुकडे करा, चीक पाण्याने धुवा, सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या आणि मग जेमतेम ओलसर वाळूत खोचा. मुळं फुटायला महिनाभर तरी लागतो, तोवर उपटून बघायचं नाही, शेंड्याला नवीन पान दिसलं की लागली फांदी.