वल्हं हाती घेण्याआधी पाणी जोखा

महेश्वरच्या घाटावर सकाळी उभं राहिलं की नर्मदा इतकी शांत दिसते की वाटतं, मुलांना वल्हवायला शिकवायचं तर इथेच. तिथून पाच-सहा किलोमीटर खाली, जलकोटीजवळ, तीच नदी खडकांतून फुटून सहस्रधारा होते. 2023 साली खेलो इंडिया युवा स्पर्धेतली कॅनो स्लॅलम, म्हणजे उसळत्या पाण्यातून नाव काढायची शर्यत, तिथेच झाली, यावरून पाण्याचा जोर ओळखा. म्हणून इंदूरहून निघायच्या आदल्या रात्रीच फोनवर उपग्रह नकाशा उघडा आणि निवडलेल्या जागेच्या वर काय आहे, खाली काय आहे, ते बोटाने सरकवत बघा. घाटावर उभं राहून दिसतं ते फक्त मधलं.

वर धरण असेल तर नदी आपली नाही, वीजघराची आहे. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वरच्या खाली पाणी पावसाशिवायही चढतं. एप्रिल 2005 मध्ये नर्मदाकाठच्या धाराजीला अमावास्येच्या जत्रेत लोक स्नान करत असताना वरून सोडलेलं पाणी आलं आणि साठाहून अधिक माणसं गेली. उन्हाळ्यात, पावसाचा थेंब नसताना. त्यामुळे अशा पट्ट्यात मी लहान मुलांना नावेत बसवत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. मोठ्यांनी जायचंच असेल तर पाणी केव्हा सोडतात ते स्थानिक नाववाल्याला विचारा आणि भोंगा वाजला की त्याच क्षणी काठ गाठा.

खाली स्टॉपडॅम (पाणी अडवणारा छोटा बांध) किंवा रपटा (पाणी वरून वाहतं असा बुटका पूल) असेल तर ती जागा यादीतून काढूनच टाका. वरून बघताना पाणी हातभर उंचीवरून खाली पडतंय एवढंच दिसतं, पण पायथ्याशी ते उलटं फिरतं आणि माणसाला पुन्हापुन्हा भिंतीकडे ओढतं. लाइफ जॅकेट घातलेला पट्टीचा पोहणाराही तिथून सुटेलच असं नाही.

नवख्यांसाठी तलाव बरा. इंदूरजवळच्या चोरलसारख्या जागी नौकाविहाराची सोय आधीपासून आहे. सिरपूर आणि यशवंत सागर मात्र पक्ष्यांना राहू द्या. दोन्ही तलाव 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आले आणि यशवंत सागरला तर सारस उतरतात. तिथे दुर्बीण न्या, वल्हं नको. इतर कुठल्याही धरणावर उतरण्याआधी परवानगी लागते का, ते चौकीदाराला विचारायला विसरू नका.

नदीच निवडली असेल तर काठावर दहा मीटर मोजा, वाळकी काडी टाका आणि सेकंद मोजा. दहा सेकंदांच्या आत काडी पुढे गेली तर नवख्याला त्या धारेविरुद्ध परत येणं जमणार नाही. पाणी गढूळ असेल किंवा ओंडके, काटक्या वाहत येत असतील, तर काडी टाकायचीही गरज नाही.

तलावावर धारेचं काम वारा करतो. एकदा फेब्रुवारीत माझा भाचा वाऱ्याच्या पाठीवर हसत हसत तलावाच्या मध्यापर्यंत गेला आणि परत फिरवताना नाव जागची हलेना. पाऊण तास लागला त्याला आणायला. तेव्हापासून जाताना वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे दमल्यावर तोच घरी आणतो. वारा काठाकडून आत वाहत असेल किंवा लाटांवर पांढरा फेस दिसत असेल, तर उतरायचंच नाही. माळव्यात ऊन चढलं की वारा उठतो, म्हणून उजाडल्यावर लगेच उतरा आणि दहाच्या आत बाहेर या. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले, फक्त धुकं विरेपर्यंत थांबा.

काठही तपासा. पाणी ओसरलं की खाली काळी माती उघडी पडते, वरून सुकलेली आणि आत गुडघाभर चिखल. खडक किंवा मुरूम असलेली उतरण शोधा आणि बाहेर पडायला दुसरी एक जागाही हेरून ठेवा. पाण्यावर रांगेत तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसल्या तर तिथे मासेमारीचं जाळं आहे. ते वल्ह्यात अडकतं आणि कोळ्याचं नुकसान होतं. बुडालेले बाभळीचे बुंधे कुठे आहेत, तेही त्यालाच ठाऊक असतं. दोन मिनिटं थांबून विचारा.

जॅकेट प्रत्येकाला स्वतःच्या मापाचं हवं. पट्टे आवळून खांद्यापाशी वर खेचा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे, आणि मोठं जॅकेट मुलाच्या कामाचं नाही. शिट्टी, पाणी, कोरडे कपडे, झाकणाच्या डब्यात फोन. कुठे उतरतोय आणि किती वाजेपर्यंत फोन करू हे घरी आईला किंवा वहिनीला सांगा. फोन आला नाही तर 112 लावायचा, हेही.

आणि दुसरी जागा आधीच ठरवून ठेवा. पहाटे पाचला उठलेली मुलं, डिकीत पोह्यांचा डबा, शंभर किलोमीटरचा रस्ता, आणि समोर फेसाळलेलं पाणी, अशा वेळी 'आता आलोच आहोत तर' असं मन म्हणतं. गाडीतच मुलांना सांगा: वारा असेल तर नाव बांधलेलीच राहील, आपण यशवंत सागरला सारस बघायला जाऊ.